आपली माणसे कशी गेली?

आज भाद्रपद वद्य चतुर्दशी. पंचांगात आजच्या तारखेपुढे ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ एवढीच नोंद असते आणि उद्याच्या सर्वपित्रीच्या गडबडीत ती सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. ज्यांना नैसर्गिक मरण आले नाही, जे लढाईत, अपघातात, पुरात गेले, अकाली आणि अवेळी गेले, त्यांचा हा दिवस. पाच दिवसांपूर्वी अविधवा नवमी झाली. नवऱ्याआधी गेलेल्या बायांची ती तिथी. उद्या अमावास्या, ज्यांची तिथीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. म्हणजे हा पंधरवडा ज्यांनी बसवला, त्यांनी गेलेल्यांची नुसती नावे लक्षात ठेवली नाहीत, माणूस कसा गेला याचीही दखल घेतली. तोच पंधरवडा पाळणाऱ्या आपल्या घरांत मात्र ‘आजी कशी गेली?’ असे एखाद्या नातवाने विचारले, की कढीला फोडणी द्यायची आठवण होते, किंवा पान छतावर ठेवायला उशीर होत असतो.

उत्तरे ठरलेली आहेत. ताप आला होता. पाय घसरला. पान लागलं, म्हणजे साप चावला. अलीकडच्या मरणांसाठी हार्ट अटॅक. देऊळगाव राजा तालुक्यातल्या कुठल्याही गावात चार घरे फिरून विचारा, पिढ्यान्‌पिढ्यांची मरणे या तीन-चार उत्तरांत बसवलेली सापडतील. त्यांतली पुष्कळ खरी असतात. पण पुष्कळ उत्तरे मूळ हकीकतीच्या जागी मागाहून आणून ठेवलेली असतात आणि ती ठेवणारी माणसे वाईट नसतात. त्यांनी ते मरण डोळ्यांनी पाहिलेले असते. ‘आता कशाला उकरून काढता?’ असे म्हातारी म्हणते, तेव्हा त्या म्हणण्याला मान दिलाच पाहिजे. तरीही आम्हाला वाटते की, हा प्रश्न विचारायला हवा, त्याचे कागद शोधायला हवेत आणि जे सापडेल ते घरातल्या पोरांना घरातल्याच माणसाने सांगायला हवे. कारण पोरांना ते कळायचे राहत नाही. बांधावरच्या भांडणात भावकीतला कुणीतरी ओरडून सांगतो, ‘तुझा आजा कसा मेला ते माहीत आहे आम्हाला.’ बारा-चौदा वर्षांच्या पोराने आपल्या घरातली हकीकत अशी, शिवीच्या रूपात, पहिल्यांदा ऐकावी, यापेक्षा वाईट काय असेल?

कागद शोधण्याची तर आज महाराष्ट्रात अपूर्व लाट आहे. जात पडताळणीसाठी जुने पुरावे काढण्याची धडपड विदर्भाला नवी नाही. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या नोंदींचा शोध घरोघरचा विषय झाला. तहसीलच्या अभिलेख कक्षात जे लोक आयुष्यात कधी गेले नव्हते, ते पणजोबाचे नाव घेऊन उभे राहू लागले. मोडी वाचणाऱ्या माणसाला मान आला. वऱ्हाडात या शोधाचा मोठा आधार म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची वर्दी कोतवालाने द्यायची आणि ती नोंद व्हायची, ही इंग्रजी अमलातली रीत. मयताच्या नोंदीत नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय, तारीख. आणि मरणाचे कारण.

माणसे ही नोंद काढतात, जातीच्या रकान्यावर बोट ठेवतात, नक्कल मागतात आणि निघतात. त्यांना दोष देता येत नाही. पोराच्या प्रवेशाची तारीख जवळ आलेली असते. पण त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात पणजी कशाने मेली ते लिहिलेले आहे. त्याच पानावर तिच्या खाली, चार दिवसांच्या अंतराने, तिचे दोन वर्षांचे लेकरू आहे. त्याच आठवड्यात त्याच घरातले तिसरे नाव आहे. इतक्या जवळ येऊन परत फिरावे, हे मनाला लागते. अर्ज केलेला आहे, बुक उघडलेले आहे, पान समोर आहे. आणखी पाच मिनिटे द्यायची आहेत.

त्या पानांमध्ये काय सापडेल, याचा अंदाज मोठ्या आकड्यांवरून येतो. १८९१ च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४ लाख ८१ हजार होती. १९०१ मध्ये ती ४ लाख २३ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायला हवी होती, तिथे सत्तावन्न हजार माणसे कमी. मधल्या काळात दोन दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. दुसरा विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून छप्पन्नचा दुष्काळ. भुकेने माणूस मेला असे मात्र नोंदीत क्वचितच येते. हगवण, पटकी, ताप असे येते. अन्न नसल्याने खंगलेल्या शरीराला पटकी झाली, तर नोंद पटकीची होते. म्हणून एक नोंद वाचून भागत नाही. मागचे-पुढचे महिने पाहावे लागतात, त्या वर्षी घरातली जमीन कुणाच्या नावे गेली ते पाहावे लागते, पणजोबाचा भाऊ ‘देशावर गेला तो आलाच नाही’ हे घरात ऐकलेले वाक्य त्या तारखांशेजारी ठेवून पाहावे लागते. मग कळते की तो भाऊ हौसेने गेला नव्हता.

१९१८ चा आश्विन-कार्तिक असाच. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. पाऊस फसलेला, महायुद्धाची महागाई, आणि त्यात ही साथ. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे त्यात गेली असा अंदाज आहे आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. म्हाताऱ्यांपेक्षा कर्ती, विशी-तिशीतली माणसे जास्त गेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया अधिक गेल्या, कारण आजाऱ्यांची उस्तवार त्यांनीच केली. कित्येक घरांतला ‘आजोबांचे दुसरे लग्न’ हा प्रकार इथून सुरू होतो. सावत्र आजीचा जाच, सावत्र भावांची वाटणी, पन्नास वर्षे चाललेला कज्जा, आजही एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या दोन शाखा. या सगळ्याच्या मुळाशी कुणाची दुष्टाई असेल असे घर मानत आलेले असते. मुळाशी त्या वर्षीच्या दोन महिन्यांतली एक मयताची नोंद असू शकते. ती सापडली तर भांडण मिटेल असे आम्ही म्हणत नाही. पण शंभर वर्षे जिला नावच नव्हते, त्या पहिल्या आजीचे नाव तरी मिळेल.

देऊळगाव राजाच्या माणसाला या शोधात एक वेगळी अडचण येते, ती सांगायला हवी. आपला तालुका वऱ्हाडच्या काठावर आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवला, आणि जालना मात्र १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला. लग्ने या रेषेने कधी थांबली नाहीत. लेक जाफराबादेकडे दिलेली, सून जालन्याकडून आणलेली. त्यामुळे एकाच कुटुंबाची हकीकत दोन राजवटींच्या दप्तरांत वाटली गेली आहे. इकडे मराठी-मोडीतली कोतवाल बुके, तिकडे उर्दू कागद. इकडे शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्रजी काळात देऊळगाव राजा हे चिखली तालुक्यातले गाव होते. तालुक्याच्या नावाखाली जुने कागद सापडले नाहीत म्हणून निराश होऊन परतण्याआधी चिखलीच्या नावाने विचारावे, बुलढाण्याच्या जिल्हा अभिलेखात विचारावे, पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात विचारावे.

आणि १९४८ चे काय? रझाकारांच्या काळात पलीकडून पळून वऱ्हाडात आलेल्या कुटुंबांच्या आठवणी आपल्या भागात अजून सांगितल्या जातात. त्या सांगितल्याच पाहिजेत. पण सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांची जी कत्तल झाली, तिच्या आठवणी त्यांच्या घरांतही दबक्या आवाजात आहेत. केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता आणि तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. जो आपल्या घराचा इतिहास शोधायला निघतो, त्याने दोन्ही प्रकारच्या सापडण्याची तयारी ठेवावी. पूर्वज मारला गेला असे सापडेल. पूर्वजाने मारले, लुटले, सावकारीत जमीन गिळली, पाणवठ्यावर कुणाला येऊ दिले नाही, असेही सापडेल. पहिले सापडले की लोक फोटोला हार घालतात. दुसरे सापडले की कागद पुन्हा गाठोड्यात जातो. आमच्या मते दुसऱ्या कागदाचे मोल तसूभरही कमी नाही.

घराची अब्रू जाते, असे यावर म्हणतील. त्यांना आपल्याच मातीतल्या एका घराण्याकडे पाहायला सांगावेसे वाटते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, आडगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा ही सगळी नावे ज्या जाधव घराण्याची खूण सांगतात, त्या घराण्याइतके दुःख फार थोड्या घरांनी पाहिले असेल. निजामशाही दरबार सुटताना खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. त्या गर्दीत लखुजीराव जाधवांचे पुत्र दत्ताजी मारले गेले, ते विठोजीराजे भोसल्यांचे पुत्र संभाजी यांच्या हातून. मग खुद्द लखुजीरावांनी त्या संभाजीला ठार केले आणि जावई शहाजीराजेही त्या झटापटीत जखमी झाले. जिजाऊंचे माहेर आणि सासर एकाच दिवशी सुतकात. पुढे २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने दगा करून लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव यांना मारले. एका घरातल्या तीन पिढ्या एका दिवशी गेल्या. शिवाजीराजे तेव्हा जिजाऊंच्या पोटात होते.

हे सगळे आपल्याला तपशिलाने कळते ते ‘शिवभारत’ या काव्यातून. कवींद्र परमानंदाने ते लिहिले आणि लिहायला सांगितले खुद्द शिवाजीराजांनी, आजोबा मालोजीराजांपासून आरंभ करून. राजाच्या आज्ञेने लिहिलेल्या ग्रंथात आईच्या वडिलांनी वडिलांच्या चुलतभावाला मारले, ही गोष्ट गाळणे किती सोपे होते. एखादा भाट ती गाळून मोकळा झाला असता. ती राहिली. ज्यांची नावे घेऊन आपण घराण्याच्या अब्रूच्या गोष्टी करतो, त्यांच्या घरच्या ग्रंथात अब्रूची कल्पना अशी होती. देऊळगावच्या जाधवांचे पुढचे पानही सुखाचे नाही. बालाजीचे देऊळ उभारणाऱ्या जगदेवरावांच्या या घराची जहागीर १८५१ च्या चकमकीनंतर जप्त झाली आणि बाजीराव जाधव औरंगाबादेत कैदेतच वारले. परवा घटस्थापना झाली की गाव यात्रेच्या तयारीला लागेल. त्या उत्सवात हीही आठवण कुणी सांगितली, तर उत्सवाला काही उणेपणा येणार नाही.

आता पुन्हा अविधवा नवमीकडे. अहेवपणी गेली म्हणून जिला भाग्यवान म्हणतात, जिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, ती बाई वयाच्या कितव्या वर्षी गेली, हे सवाष्णीला कुणी सांगत नाही. एकविसाव्या, चोविसाव्या. बाळंतपणात गेली असेल. त्या काळात ते फार होते. पण ‘पाय घसरला’ हे उत्तर असेल, तर तिथे थांबून विचारायला हवे. ज्या विहिरीवर ती लहानपणापासून शेकडो वेळा पाण्याला गेली, तिथेच पाय कसा घसरला? त्या वर्षी घरात काय चालले होते? तिसरी मुलगी झाली होती का? माहेरचे लोक तिसऱ्या दिवशी आले आणि न जेवता परत गेले, असे का? अशा प्रत्येक मरणामागे गुन्हा होता असे मुळीच नाही. पण तिच्या मरणाची चौकशी जिवंतपणी तिच्यावर सत्ता असणाऱ्यांनीच केली आणि निकालही त्यांनीच दिला. घरात तिच्या नावाचे ताट वाढले जाते आणि तिची गोष्ट कुणाला माहीत नसते. तिच्या पणतीने ती शोधावी. पणतीच शोधील, असे आमचे मन सांगते. आणि ती शोधताना सासरच्या कागदांवर विसंबू नये, तिच्या माहेरच्या गावी जावे. त्या घरात तिला अजून कुणीतरी रडते.

शेतकरी आत्महत्यांच्या काळातही घरातली बाई मोजणीत आली नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे शेतकरी नाही. मग तिचे मरण शेतकऱ्याचे कसे धरायचे? खुरपणी तिची, वेचणी तिची, बियाण्यांच्या प्लॉटमधले आणि शेडनेटमधले परागीकरणाचे नाजूक काम तिचेच. पण कागदावर ती गृहिणी.

पुरुषांची मरणे कागदावर आली आणि आज आपल्या तालुक्यात घराच्या इतिहासातले सगळ्यात ओले दुःख तेच आहे. बुलढाणा हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या वर्षी ज्या घरांतला कर्ता गेला, त्या घरांतली पाच-सात वर्षांची पोरे आज पंचविशीत आहेत. कुणी जालन्याच्या कारखान्यात आहे, कुणी पुण्यात, कुणी गावातच बापाच्या जमिनीत सोयाबीन काढायच्या तयारीत. त्यांना बापाचा चेहरा अर्धवट आठवतो. त्यांच्यातले काही जण आता विचारू लागले आहेत आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

अशा मृत्यूचा कागद कसा तयार होतो, हे त्यांना माहीत असावे. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १९४ खाली. घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, घरच्यांचे जबाब. दुसरीकडे तलाठी आणि तहसीलदारांचा अहवाल, सातबारा, कर्जाचे दाखले. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती बसते आणि प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. जमीन कुटुंबातल्या कुणाच्या नावे होती का, कर्ज बँकेचे, संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरले तर २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये; त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार पोस्टाच्या मासिक योजनेत. खासगीत, बिनपरवाना सावकाराकडून घेतलेल्या पैशाचा दाखला कोण देणार? ती घरे अपात्र.

हा निकाल मदतीपुरता होता. पण तो घरात शिरला. ‘अपात्र’ या शिक्क्याचा अर्थ घरानेही आणि गावानेही असा घेतला की, माणूस शेतीपायी गेला नाही; मग दारूपायी गेला असेल, बायकोशी भांडून गेला असेल. एका सरकारी रकान्याने मेलेल्या माणसाचे चारित्र्य ठरवून टाकले. म्हणून मुलांनी ती फाइल काढावी असे आम्हाला वाटते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो. शेवटचा निकाल मागाहून पाहावा. आधी जबाब वाचावेत, कर्जाच्या तारखा वाचाव्यात, त्या वर्षीचा पाऊस आणि कापसाचा भाव काय होता ते शेजारी लिहावे, त्या महिन्यात घरात कुणाचे आजारपण होते, कुणाचे लग्न ठरले होते, ते आठवून भरावे. मग जो माणूस उभा राहतो तो पात्रही नसतो आणि अपात्रही नसतो. तो चाळिशीतला, सगळीकडून वाटा बंद झालेला, एका रात्री एकटा पडलेला बाप असतो. त्याने दारू घेतली असेल तर तेही त्या हकीकतीत असू द्यावे. त्याने आईला मारले असेल तर तेही. बापावर माया करायला त्याला निर्दोष ठरवावे लागत नाही.

ही फाइल एकट्याने वाचू नये, हे आम्ही कळकळीने सांगतो. शवविच्छेदनाचा अहवाल मुलाने वाचावा असा कागद नाही. भाऊ, बहीण, एखादा जुना शिक्षक शेजारी असावा. वाचून झाल्यावर झोप उडाली, आपलेही काही खरे नाही असे वाटू लागले, तर ते कुणापाशी तरी बोलावे. टेलि-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. बापाची हकीकत कळणे म्हणजे त्याच्या वाटेने जाणे नव्हे.

आणि आईला विचारताना उलटतपासणी करू नये. ती आधीच झालेली आहे. पोलिसांनी केली, तलाठ्याने केली, सासरने केली, बाजारात भेटलेल्या प्रत्येक बाईने केली. ‘आदल्या रात्री काय झालं होतं?’ हा प्रश्न तिला इतक्यांदा विचारला गेला आहे की तिने त्याचे एक ठरीव उत्तर करून ठेवले आहे, आणि त्या उत्तराच्या आधाराने ती वीस वर्षे जगली, कर्ज फेडले, तुम्हाला शिकवले. ती जे लपवते ते बहुधा तुमच्यासाठी लपवते. म्हणून मरणापासून सुरुवात न करता लग्नापासून करावी. तो कसा होता, काय खायचा, बैलांची नावे काय होती, कुठल्या गोष्टीला हसायचा. मरणाच्या दिवसापर्यंत ती स्वतः येईल, किंवा येणार नाही. आली नाही तर तो तिचा अधिकार आहे, आणि तिथे शोध थांबवणे हाही शोधाचाच भाग आहे. जिवंत माणसाला दुखवून मेलेल्याला न्याय मिळत नाही.

आपल्या तालुक्यातल्या मेहुणा राजाला संत चोखोबांचे जन्मगाव मानतात. खडकपूर्णेच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. मंगळवेढ्याला वेठीने राबताना गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातून हाडे वेचू लागले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन आले. महाद्वारासमोर ती समाधी आहे. या कथेत आम्हाला नामदेवांचे जाणे मोठे वाटते. वेठबिगारीत मेलेल्या मजुरांची हाडे कोण वेगळी करणार होते? ती सगळी एकत्रच राहायची. कुणीतरी मुद्दाम इतक्या दूर जाऊन ढिगारा उपसायला बसले म्हणून एका माणसाला नाव परत मिळाले. बाकीच्या मजुरांना मिळाले नाही, हेही लक्षात ठेवावे. ज्यांच्या पूर्वजांवर गावोगावच्या मयताची खबर पायी पोहोचवण्याचे काम लादलेले होते, त्या महार कुटुंबांच्या स्वतःच्या मरणांची नोंद किती त्रोटक आहे, हे कोतवाल बुके चाळणाऱ्याला कळते. त्या घरांनी मग आपली हकीकत दप्तराबाहेर, स्वतःच्या हाताने लिहिली. अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांनी निवृत्त वडिलांना आठवणी लिहून काढायला सांगितले आणि त्या वह्यांतून १९९३ मध्ये ‘आमचा बाप आन् आम्ही’ उभे राहिले. ओझरला विहिरीतल्या प्रेताची राखण करायला लावलेला, फौजदाराचा मार खाल्लेला आणि त्या अपमानानंतर गाव सोडून मुंबईला गेलेला तरुण, हा त्या घराच्या हकीकतीचा आरंभ आहे. मुलाने विचारले नसते तर दामोदर जाधवांच्या मनातली ती रात्र त्यांच्याबरोबरच गेली असती.

विचारण्याला मुदत असते, ती दोन्ही बाजूंनी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीत आहेत. सासूकडून मानमोडीच्या गोष्टी ऐकलेली ही शेवटची पिढी. दुसरीकडे, सरकारी कागदालाही वर्गवारीप्रमाणे आयुष्य असते. काही कायम ठेवायचे, काही तीस वर्षे, काही त्याहून थोडके, मग नाश. जुन्या नोंदी स्कॅन होत आहेत ही चांगली गोष्ट. पण त्या जातीच्या पुराव्यापुरत्या निवडून स्कॅन न करता पानेच्या पाने, मरणाच्या कारणाच्या रकान्यासकट व्हाव्यात. आणि शेतकरी आत्महत्यांच्या चौकशीच्या फाइली, पात्र असोत वा अपात्र, कायम जतन करण्याच्या वर्गात टाकाव्यात, त्यांची प्रत मृताच्या मुलांना मागितल्याबरोबर विनामूल्य मिळावी. बुलढाण्याचे जिल्हाधिकारी कार्यालय याची सुरुवात करू शकते. त्यासाठी मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही.

महिनाभराने दिवाळी आहे. लेकी माहेरी येतील. घराच्या हकीकतीचे निम्मे धागे या लेकींकडे असतात, कारण लहानपणी चुलीपाशी आजीच्या शेजारी त्या बसलेल्या असतात आणि लग्न होऊन गेल्यावर त्यांना कुणी काही विचारलेले नसते. भाऊबिजेच्या दुपारी, जेवणे झाल्यावर, आत्याला विचारा की तिच्या आईची सासू कशी गेली. वही-पेन्सिल जवळ ठेवा. नाव, गाव, साल, आणि ते तिला कुणी सांगितले होते, एवढे लिहून घ्या.